आई-बापाची फजिती हा डेटा असतो का?

तीन वर्षांचं मूल स्वयंपाकघरातून बाहेर येतं. ओठांवर बेसनाचे कण, हातात काही नाही, मागे डब्याचं झाकण जमिनीवर. तुम्ही विचारता, "लाडू खाल्लास?" आणि ते तुमच्या डोळ्यांत डोळे घालून सांगतं, "नाही." समोर पाहुणे बसलेले असतात. कोणीतरी हसतं. कोणीतरी म्हणतं, "आत्तापासूनच खोटं बोलायला शिकला वाटतं!" आणि तुमचा चेहरा पडतो, कारण आदल्याच आठवड्यात याच पाहुण्यांना तुम्ही सांगितलेलं असतं की आमच्याकडे मुलांना खरं बोलायची सवय आहे.

एम.एड., मानसशास्त्र, गृहविज्ञान, भाषाशास्त्र करून पीएचडीकडे वळणाऱ्या अनेकांच्या घरी या वयाचं मूल असतं. पेटचा अभ्यास एका हातात आणि वरणभाताची वाटी दुसऱ्या हातात. त्यांच्याकडून मला एक प्रश्न वारंवार येतो: घरात रोज हे जे काही घडतं, ते संशोधनात वापरता येतं का? यावर दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणतं, एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, सोडा. दुसरं म्हणतं, आईचा अनुभव हाच सगळ्यांत मोठा पुरावा. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात.

फजिती होते तेव्हा नेमकं काय होतं ते बघा. तुमच्या मनात मुलाबद्दल एक अंदाज असतो, बहुतेक वेळा न बोललेला. मूल तो अंदाज मोडतं, आणि तेही चारचौघांत. म्हणजे संशोधनाच्या भाषेत तुमचं गृहीतक फसलेलं असतं. एरवी आपण गृहीतक फसण्याची संधी शोधत महिनोन्महिने घालवतो, इथे ती रोज सकाळी दूध सांडता सांडता मिळते. तेव्हा प्रश्न शोधायला ही जागा उत्तम आहे. उत्तर मात्र तिथे नसतं. प्रश्नापासून उत्तरापर्यंत जाताना काय काय करावं लागतं, ते आज जरा सविस्तर पाहू.

सुरुवात एका प्रसिद्ध बापापासून करू. चार्ल्स डार्विनचा पहिला मुलगा विल्यम 1839च्या डिसेंबरमध्ये जन्मला, आणि डार्विनने त्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्या नोंदींवर आधारलेला लेख त्याने 1877 साली 'माइंड' या नियतकालिकात छापला, म्हणजे तब्बल सदतीस वर्षांनी. (गाईडने सिनॉप्सिस परत पाठवला म्हणून निराश झाला असाल तर हा आकडा लक्षात ठेवा.) लेख लहान आहे, सहज वाचता येतो, आणि त्यात बापाची फजिती ठिकठिकाणी आहे.

एक प्रसंग असा. बाळ साडेचार महिन्यांचं होतं. डार्विन त्याच्याजवळ चित्रविचित्र मोठे आवाज काढायचा आणि बाळाला ती मोठी गंमत वाटायची. एके दिवशी त्याने घोरल्यासारखा मोठा आवाज काढला, जो आधी कधी काढला नव्हता. बाळ एकदम गंभीर झालं आणि मोठ्याने रडायला लागलं. दोन-तीन दिवसांनी विसरून त्याने पुन्हा तोच आवाज काढला, पुन्हा तेच रडणं. साधारण त्याच सुमारास, 137व्या दिवशी, तो बाळाकडे पाठ करून मागे मागे चालत गेला आणि स्तब्ध उभा राहिला. बाळाचा चेहरा पुन्हा गंभीर. तो वळला नसता तर ते रडलंच असतं.

यात बघण्यासारखं काय आहे? घोरण्याचा दुसरा प्रसंग डार्विनने ठरवून केलेला नव्हता, विसरण्यातून झाला होता, पण त्याने तो लिहून ठेवला आणि त्यामुळे एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या. दिवस मोजून लिहिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज मोठा होता म्हणून बाळ घाबरलं असं म्हणायची सोय त्याने ठेवली नाही, कारण आधीचे आवाजही मोठेच होते आणि त्यांवर बाळ हसत होतं. 'आधी काय होत होतं' हे लिहिलेलं असल्याशिवाय 'आज काय झालं' याला अर्थ येत नाही. आपल्या बहुतेक घरगुती किश्श्यांत हा पहिला भागच नसतो.

दुसरा प्रसंग लाडवाच्या डब्याच्या फार जवळचा आहे. विल्यम दोन वर्षं साडेसात महिन्यांचा असताना जेवणाच्या खोलीतून बाहेर येताना बापाला दिसला. डोळे भलतेच चमकत होते, वागणं कृत्रिम वाटत होतं. आत जाऊन पाहिलं तर त्याने कुटलेली साखर खाल्ली होती, जी खायची नाही असं सांगितलेलं होतं. पंधरा दिवसांनी तोच मुलगा त्याच खोलीतून बाहेर आला, या वेळी अंगावरचा एप्रन नीट गुंडाळून, त्याच्याकडे बघत बघत. आत काय आहे विचारलं तर काही नाही म्हणाला आणि बापालाच पुन्हा पुन्हा निघून जायला फर्मावू लागला. उघडून पाहिलं तर कापडाला लोणच्याचा खार लागलेला!

पहिल्या प्रसंगाबद्दल डार्विन एक वाक्य लिहितो ज्याच्यासाठी मी हा लेख प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला सांगते. त्याचा आशय असा की या मुलाला कधीच शिक्षा झालेली नव्हती, त्यामुळे त्याचं ते विचित्र वागणं भीतीमुळे नव्हतं. म्हणजे निष्कर्ष लिहिण्याआधी त्याने दुसरं एक शक्य कारण समोर ठेवलं, आणि ते का लागू होत नाही याचा पुरावा दिला. आपल्याकडे मूल गप्प बसलं की लगेच 'घाबरलं', हसलं की 'निर्लज्ज', आणि नाही म्हटलं की 'खोटारडं'. दुसरं कारण शोधायला कोणी थांबत नाही.

पण डार्विनलाही सगळं माफ करू नका. दुसऱ्या प्रसंगाला त्याने जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो 'काळजीपूर्वक योजलेली फसवणूक'. हे वर्णन आहे की अर्थ लावणं? एप्रन गुंडाळलेला होता हे वर्णन. मुलगा 'नाही' म्हणाला हेही वर्णन. 'योजलेली' हा शब्द मात्र मुलाच्या डोक्यात शिरून आणलेला आहे. कदाचित तो बरोबरही असेल. पण वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते आणि उजवीकडे मला वाटलं ते, असं लिहायची सवय लावलीत तर कोणता शब्द कुठून आला हे कळत राहतं. गुणात्मक संशोधनाच्या तोंडी परीक्षेत अर्धे प्रश्न या रेघेवरचेच असतात.

आता 'खोटं बोलणं' या विषयाचं पुढे काय झालं ते बघा, कारण एका घरातला किस्सा प्रयोगात कसा बदलतो हे त्यातून चांगलं दिसतं. 1989 साली मायकेल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण तीन वर्षांच्या मुलांना एका खोलीत बसवलं, पाठीमागे एक खेळणं ठेवलं, आणि 'वळून बघायचं नाही हं' असं सांगून मोठं माणूस बाहेर गेलं. बहुतेक मुलांनी वळून पाहिलंच. (कोणत्याही आईला आश्चर्य वाटणार नाही.) परत आल्यावर 'पाहिलंस का?' असं विचारलं तेव्हा काहींनी कबूल केलं, काहींनी साफ नाकारलं, काही गप्प राहिली. व्हिडिओवर सगळं दिसत होतंच. पुढे व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी याच पद्धतीत एक प्रश्न वाढवला: 'पाहिलं नाहीस ना, मग मागे काय असेल असं तुला वाटतं?' लहान मुलं पटकन त्या खेळण्याचं नावच सांगून मोकळी होत. आधी सांगितलेलं खोटं टिकवायचं तर आता आपल्याला माहीत नसल्याचं सोंगही घ्यावं लागतं, हे त्यांना जमत नव्हतं. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना ते जमायला लागलेलं दिसलं.

याच ओळीतला दुसरा धागा 1983चा. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी मुलांना एका मुलाची गोष्ट सांगितली. तो चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, नव्या कपाटात. म्हणजे जे आपल्याला माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत आहे असं धरून चालतात. चार वर्षांच्या आसपास आणि पुढे उत्तर बदलू लागतं. दुसऱ्याच्या डोक्यात वेगळी, चुकीचीही समजूत असू शकते हे कळणं आणि खोटं बोलता येणं यांचा संबंध नंतरच्या अभ्यासांत दिसून आला आहे. त्या दृष्टीने ओठांवरचं बेसन न पुसता 'नाही' म्हणणारं मूल अर्ध्या वाटेवर आहे. शब्दांनी तुमची समजूत बदलता येते हे त्याला कळलंय, पण तुम्हाला त्याचे ओठ दिसतात हे अजून हिशेबात आलेलं नाही. आजीशी फोनवर बोलताना 'जेवलास का रे?' या प्रश्नाला नुसतीच मान हलवणारं मूलही इथेच कुठेतरी आहे. आजी पलीकडून 'हॅलो, हॅलो' करत राहते.

इथे प्रश्न फक्त तांत्रिक नाही. तीन वर्षांच्या मुलाला घरात 'खोटारडा' हे नाव पडलं की ते बालवाडीत पोहोचतं, तिथून पहिलीच्या बाईंपर्यंत जातं, आणि प्रत्येक ठिकाणी मूल नाही म्हणालं की आधी संशय. वाढीच्या एका टप्प्यावर सर्रास दिसणाऱ्या वागण्याला स्वभावाचं लेबल लावणं हे आपल्या शेजारीपाजारी रोज चालतं. संशोधक म्हणून तुमच्या प्रश्नावलीत 'मूल खोटं बोलते का? होय/नाही' असा रकाना असेल तर तुम्हीही तेच करत आहात, फक्त छापील स्वरूपात.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फजिती झाली की आपण मुलाकडे बघतो. आधी स्वतःच्या प्रश्नाकडे बघायला हवं.

एक घरगुती संवाद घ्या. "हात धुतलेस?" "हो." "नक्की धुतलेस?" "...नाही." आणि हात खरोखर धुतलेले असतात, ओले असतात, साबणाचा वास येत असतो! मग ते नाही का म्हणालं? कारण दुसऱ्यांदा विचारण्यात एक सूचना दडलेली असते. मोठं माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतंय म्हणजे पहिलं उत्तर त्याला आवडलेलं नाही, असा मुलाचा हिशेब. तो अगदी शहाणपणाचा आहे. व्हायव्हाला परीक्षकांनी 'तुमची खात्री आहे?' असं विचारल्यावर आपण काय करतो?

बालमानसशास्त्रात या साध्या गोष्टीने मोठी उलथापालथ केली. जाँ पियाजे यांचा प्रयोग तुम्ही बी.एड.च्या पुस्तकात वाचलेला असेल. नाण्यांच्या किंवा बटणांच्या दोन सारख्या ओळी मुलासमोर मांडायच्या, सारख्याच आहेत ना असं विचारायचं, मूल हो म्हणतं. मग एक ओळ लांबवायची आणि पुन्हा तेच विचारायचं. पाच वर्षांची कित्येक मुलं आता म्हणतात, लांब ओळीत जास्त आहेत. निष्कर्ष: मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही हे या वयात कळत नाही. घरी याचंच रूप म्हणजे ताकाचा वाद. एकाला उंच पेल्यात दिलं, दुसऱ्याला पसरट फुलपात्रात, माप तेवढंच, आणि फुलपात्रवाल्याने घर डोक्यावर घेतलं. तुम्ही पेल्यातलं ताक त्याच्यासमोर फुलपात्रात ओतून दाखवता, तरी रडणं थांबत नाही. ही फजिती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना पियाजे लवकर पटतो.

पण 1974 साली सुझान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी एवढंच केलं की प्रश्न दोनदा न विचारता बदल झाल्यानंतर एकदाच विचारला. मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी दुसरी युक्ती केली. ओळ संशोधकाने लांबवायची नाही, एक खोडकर टेडी अस्वल मध्येच येऊन ती विस्कटतं. आता मोठ्या माणसाने पुन्हा विचारणं मुलाला स्वाभाविक वाटतं, अस्वलाने घोळ घातलाय ना. पारंपरिक पद्धतीपेक्षा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मुलं तीच, बटणं तीच. बदललं होतं ते एवढंच की प्रश्न कोण, कशासाठी विचारतंय याचा मुलाने लावलेला अर्थ.

यावरून पियाजे चुकीचा ठरला असं परीक्षेत लिहू नका. तीन वर्षांच्या मुलाला कितीही टेडी दाखवले तरी सगळं जमत नाही, आणि अस्वलाच्या गडबडीत मुलाचं लक्षच ओळीकडे नव्हतं अशी शंकाही नंतर घेतली गेली. मला एवढंच दाखवायचंय की 'मुलाला येत नाही' या वाक्याआधी 'माझ्या या प्रश्नावर' हे तीन शब्द लावावे लागतात.

संयमाच्या प्रसिद्ध प्रयोगाचंही असंच झालं. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेल्या प्रयोगांत मुलापुढे खाऊ ठेवायचा आणि थांबलास तर दोन मिळतील असं सांगायचं. किती वेळ थांबतं यावरून त्याचा आत्मसंयम मोजायचा. 2013 साली सेलेस्ट किड, हॉली पामेरी आणि रिचर्ड अॅस्लिन यांनी त्याआधी एक पायरी घातली. चित्र काढायला आणखी चांगले रंग आणून देते असं मोठ्या माणसाने सांगायचं. अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिले, अर्ध्यांना 'सॉरी, नाहीत' म्हणून सांगितलं. मग खाऊचा प्रयोग. जिथे शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, जिथे मोडला ती तीन मिनिटं. अभ्यास लहान होता, 28 मुलांचा, त्यामुळे आकडा डोक्यावर घेऊन नाचू नका. तरी रोज 'उद्या नक्की बागेत नेतो हं' म्हणणाऱ्या घरात मूल थांबत का नाही, या प्रश्नाचा एक टोक मोठ्या माणसाच्या हातात आहे एवढं दिसतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम वाचा. 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, हा अनुभव तिथे पदोपदी होता. 'या मुलांना शिक्षणाची गोडी नाही' असा निष्कर्ष काढून थांबणं सोपं होतं. त्यांनी मुलं कुठे असतात ते पाहिलं. लहान भावंडं पाड्यावर असतात, तर बालवाडी अंगणात नेली. मोठी मुलं गुरांमागे असतात, तर कुरणशाळा काढली. टेडी अस्वल आणि कुरणशाळा यांत वरवर काही साम्य नाही, पण दोन्हीकडे मुलात दोष शोधण्याआधी मोठ्यांनी केलेली मांडणी बदलून पाहिली गेली.

मग तुमच्याजवळचे किस्से? इथे थोडी वाईट बातमी आहे. तुम्हाला आठवतात ते किस्से तसे घडलेले असतीलच असं नाही. 1963 साली लिलियन रॉबिन्स यांनी अशा पालकांना गाठलं ज्यांच्या मुलांची जन्मापासूनची नोंद एका दीर्घकालीन अभ्यासात झालेली होती. मुलं तीन वर्षांची झाली असताना पालकांना मागच्या गोष्टी विचारल्या आणि उत्तरं जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. चुका भरपूर निघाल्या, पण त्याहून मजेशीर म्हणजे चुकांची दिशा. आयांची आठवण त्या काळच्या बालसंगोपन तज्ज्ञांच्या सल्ल्याकडे झुकत होती. त्या खोटं बोलत नव्हत्या. आपण तज्ज्ञांच्या सांगण्याप्रमाणेच वागलो, असं त्यांना मनापासून आठवत होतं.

आपल्याकडे हे किस्से हळदीकुंकवाला, बारशाला, गणपतीत दहा वेळा सांगितले जातात. प्रत्येक वेळी एक कोपरा घासला जातो. मूल जरा जास्त हुशार होतं, बाप जरा जास्त गोंधळलेला, आणि शेवटी हशा कुठे येतो ते पक्कं होतं. दहाव्या वेळी ऐकलेला किस्सा हा मुलाबद्दलचा डेटा राहत नाही. तो आई-बापांना आपली कोणती चूक सांगायला आवडते याबद्दलचा डेटा असतो, आणि तो विषय वाईट नाही, फक्त वेगळा आहे. तुम्ही मुलाखती घेणार असाल तर आणखी एक. सासूबाई खोलीत असताना सून 'मूल जेवताना त्रास देतं का?' याचं जे उत्तर देते आणि त्या भाजी आणायला गेल्यावर जे देते, ती दोन वेगळी उत्तरं असू शकतात. घरभेटीच्या तक्त्यात 'मुलाखतीच्या वेळी कोण उपस्थित होतं' हा रकाना ठेवा. मी ठेवते, आणि विश्लेषणाला बसल्यावर तो अनेकदा कामी येतो.

आठवणीवर न विसंबता फजितीचा डेटा कसा करायचा याचा नमुना म्हणून मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांचा 2003 मधला अभ्यास बघा. विषय: भर दुकानात जमिनीवर लोळण. 18 ते 60 महिन्यांच्या 335 मुलांच्या पालकांनी एकेका आकांडतांडवाचं लेखी वर्णन दिलं. आधी काय, मग काय, किती वेळ, कसं संपलं. संशोधकांनी त्यातून एकेक कृती सुटी केली: ओरडणं, लाथा मारणं, वस्तू फेकणं, रडणं, जवळ घ्या म्हणणं. दिसलं असं की रागाच्या कृती सुरुवातीला उसळून ओसरतात आणि दुःखाच्या कृती शेवटपर्यंत चालू राहतात. बहुतेक प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपले होते. बिलाच्या रांगेत उभ्या असलेल्या बापाला विचाराल तर तो अर्धा तास सांगेल. नंतर याच मालिकेत काही मुलांच्या कपड्यांत छोटा मायक्रोफोन बसवून आवाजही ध्वनिमुद्रित केले गेले, म्हणजे पालकांच्या वर्णनावरच सगळी भिस्त राहिली नाही. आधी किस्सा, मग ठरावीक चौकटीत लिहून घेतलेले शेकडो किस्से, मग यंत्राची नोंद.

भाषेचे विद्यार्थी असाल तर तुमच्यासाठी आणखी सोपी सोय आहे, कारण मुलं दिवसभर डेटा बोलत असतात. 'मी करलं' हे घ्या. मूल बसला, पडला, धावला यातला नियम पकडतं आणि 'कर'ला लावतं. 'करलं' हे त्याने कोणाकडून ऐकलेलं नाही, म्हणजे ते नक्कल करत नाहीये, नियम चालवतंय. इंग्रजीत जीन बर्को यांनी 1958 मध्ये मुलांना बनावट शब्द देऊन हेच दाखवलं. बनावट प्राण्याचं चित्र दाखवायचं, नाव सांगायचं, मग दोन दाखवून अनेकवचन काढून घ्यायचं. मराठीत तीन लिंगं आणि त्यानुसार बदलणारं अनेकवचन असल्यामुळे असा प्रयोग आखताना जास्त डोकं लागेल, आणि म्हणूनच तो करण्यासारखा आहे. फजितीचा भाग असा की तुम्ही 'करलं नाही रे, केलं म्हण' असं सांगता, मूल म्हणतं 'केलं', आणि पुढच्याच वाक्यात 'बघ, मी करलं ना!' दुरुस्तीचा हा प्रयत्न तारीख-वयासकट लिहून ठेवा. किती वेळा दुरुस्त केलं, किती दिवसांनी बदललं. 'केलं' आधी बरोबर म्हणत होतं आणि मध्येच 'करलं' सुरू झालं असं दिसलं तर तेही लिहा. आईला ते मागे गेल्यासारखं वाटतं, भाषा-अभ्यासकाला मात्र तिथे नियम सापडल्याची खूण दिसते.

शेवटी नैतिकतेबद्दल, कारण स्वतःच्या मुलावर लिहिणाऱ्यांचं इथे हमखास अडतं. आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारी विचारावी लागते, बारापर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी, पालकांच्या संमतीशिवाय वेगळी. सातच्या आत पालकांची संमती पुरते. आता तुमचं मूल तीन वर्षांचं आहे आणि संशोधक तुम्हीच. म्हणजे परवानगी मागणारेही तुम्ही, देणारेही तुम्ही. समिती हा प्रश्न विचारणारच. माझा सल्ला असा की संमतीपत्रावर घरातल्या दुसऱ्या पालकाची सही घ्या, नोंदींत मुलाचं नाव, शाळा, नेमकी जन्मतारीख येऊ देऊ नका (वय महिन्यांत पुरतं), आणि व्हिडिओ असेल तर तो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही हे आधीच ठरवा. जे एकदा स्टेटसला गेलं ते परत गोपनीय डेटा होत नाही. मूल कॅमेऱ्यापासून तोंड फिरवत असेल, वही दिसली की उठून जात असेल, तर सही असली तरी त्या दिवशी नोंद थांबवा आणि थांबवल्याचं लिहा.

सुरुवात करायची असेल तर पंधरा दिवस पुरेत. दोनशे पानी वही, पानाच्या मधोमध रेघ. प्रत्येक नोंदीवर तारीख, मुलाचं वय वर्षं-महिन्यांत, वेळ, घरात कोण कोण होतं, प्रसंगाआधीची पाच मिनिटं, तुमचा प्रश्न जसाच्या तसा, मुलाचं उत्तर जसंच्या तसं, बोबडं असेल तर बोबडंच. त्याच दिवशी लिहा, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. काही विशेष घडलं नाही त्या दिवसांचीही एक ओळ हवी, नाहीतर वही वाचून वाटेल की तुमच्या घरात रोज डबे उघडे पडतात. पंधरा दिवसांनंतर उजवीकडचा रकाना झाकून फक्त डावी बाजू एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या, जिला तुमचं मूल माहीत नाही, आणि तिला काय वाटतं ते विचारा. तिचं आणि तुमचं जिथे जुळणार नाही त्या नोंदी बाजूला काढा. गाईडकडे पहिल्या भेटीला जाताना त्या घेऊन जा.